उद्या रात्री मिल्टन चक्रीवादळ (८ ऑक्टोबर २०२४)

फ्लोरिडात टँपा बेमधे झोन ए मधे राहतो, म्हणजे सगळ्यात आधी रिकामा करायचा भाग, त्यामुळे आज सकाळी घर सोडलं. काल वारा ताशी २९० किमीपर्यंत गेलेला आणि इथे पाणी १० ते १५ फूट चढेल म्हणतायत, आमची तर छतच तेवढी उंच आहे!! खरी भीती वेगळीच, बारा दिवसांपूर्वी हेलीन चक्रीवादळाने भिजवलेले सोफे, गाद्या, फ्रीज अजून सगळ्यांच्या दारासमोर ढिगाने पडलेत, कुबट वास मारतोय नुसता, आणि आता तेच सगळं उडणार. शेजारच्या आजोबांनी जाता जाता त्यांचा तो फुगलेला सोफा दोरीने झाडाला बांधला, हसावं की रडावं कळेना. पेट्रोल तिसऱ्या पंपावर मिळालं. आय-फोर हायवेवर गाड्या नुसत्या सरकतायत, ऑरलँडो अजून लांब. आई दर अर्ध्या तासाला फोन करतेय, पोचलात का