रेणूचा रंग ठरवताना

सध्या डोक्यात एकच विषय आहे, ट्रायफेनिलअमाइन. हा रेणूतला इलेक्ट्रॉन देणारा भाग. त्याला इलेक्ट्रॉन ओढणारा बेन्झोथायाडायझोल जोडला, की रेणू झकास चमकतो. देणाऱ्या बाजूला मेथॉक्सी गट (ऑक्सिजनमार्गे जोडलेला मिथाइल) लावले, की रेणूच्या साध्या आणि उत्तेजित अवस्थांमधलं ऊर्जेचं अंतर कमी होतं आणि रंग तांबड्याकडे सरकतो. पुण्यात पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये दिवे मालवून यूव्हीखाली कुप्या धरल्या, तर टोल्युइनमध्ये पिवळा दिसणारा पदार्थ ॲसिटोनायट्रिलमध्ये नारिंगी आणि मंद होतो. बदलला फक्त द्रावक! मी दर वेळी थक्क होते.

कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये पातळ थरांचा ओएलईडी, म्हणजे विजेवर प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय रेणूंचा दिवा, मांडला. पण विजेवर चालवलं, तर साध्या प्रतिदीप्त (उत्तेजित होताच लगेच चमकणाऱ्या) रेणूत जेमतेम २५ टक्के उत्तेजित अवस्था, म्हणजे सिंगलेट, प्रकाश देऊ शकतात. उरलेल्या ७५ टक्के ट्रिपलेट, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या फिरकीची मांडणी वेगळी असलेल्या अवस्था, बहुतेक वाया जातात. देणारा आणि ओढणारा भाग एकमेकांशी जवळजवळ काटकोनात वळवले, तर सिंगलेट-ट्रिपलेटमधलं अंतर इतकं घटतं, की खोलीच्या तापमानालाही ट्रिपलेट पुन्हा वर चढून सिंगलेट होतात आणि प्रकाश देतात. जपानमधल्या अदाची यांच्या संशोधन गटाने २०१२ मध्ये असे कार्यक्षम ओएलईडी करून दाखवले, इरिडियमसारख्या महागड्या धातूशिवाय.

निळा प्रकाश देणारा ओएलईडी मात्र अजून दमवतो. ऊर्जा जास्त, त्यामुळे बंध लवकर तुटतात. मला पुढे त्यावरच काम करायचंय.