तासाला 1100 मिली

पेशंट ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. यंत्रमाग कामगार, तीन वर्षं डायलिसिसवर. बसवलेली नवी किडनी आईची. आठ वाजता लघवीच्या मोजमापाची पिशवी रिकामी केली, 1100 मिली. नऊला 1250.

"सिस्टर, लघवी झाली का वो?" बायको दारातून विचारत होती. गेलं वर्षभर त्याला थेंबभरही होत नव्हती. झाली म्हटल्यावर ती तिथंच रडू लागली. मला मात्र आकड्यानं धडकी भरली होती. रक्तात साठलेला युरिया, अंगातलं जादा पाणी, त्यात नव्या किडनीच्या नलिका अजून पाणी-मीठ नीट धरत नाहीत, म्हणून लघवी अशी सुटते. भरपाई कमी पडली तर बीपी कोसळतं आणि त्या किडनीलाच रक्त पुरत नाही.

म्हणून जेवढी लघवी तेवढं सलाईन, दर तासाला. तेही अर्ध्या ताकदीचं, 0.45 टक्के. या वेगानं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, दिलं तर साखर चढते आणि तीच आणखी लघवी ओढते. रात्री दोनला रक्तातलं पोटॅशियम 2.9 आलं, कमी. मॉनिटरवर मधेच वेडेवाकडे ठोके दिसत होते. सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, पंपावर सावकाश पोटॅशियम सुरू केलं.

पहाटे चारला चार्ट पुन्हा वाचला. 900 गेलं, 900 भरलं, पुन्हा 900 गेलं. ही लघवी किडनी काढतेय की माझं सलाईन? सरांना फोन लावला. बीपी 140, सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, 12. अंगात पाणी पुरेसं होतं. "आता अर्धंच भरा. पण दर पंधरा मिनिटांनी बीपी बघा."

ऐकायला सोपं. त्या खाटेपाशी उभं राहून पंपाचा आकडा निम्म्यावर आणताना हात जड झाला होता. वर्षभरानं आलेलं पाणी माझ्या हातून आटलं तर? पाचला 820. सहाला 640. बीपी जागचं हललं नाही, तेव्हा कुठं मी खुर्चीत टेकले.

दुसऱ्या रात्री ड्युटीवर आले तेव्हा तासाला 250 वर गाडी स्थिरावली होती आणि तोंडानं पाणी सुरू झालं होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा तीन वर्षं बाटलीच्या टोपणानं मोजून पाणी प्यायलेला माणूस भरला पेला हातात धरून बसला होता.

"सिस्टर, किती पिऊ?"

"पी की सगळं," म्हटलं आणि चार्टवर 200 लिहिलं.