लेकीची बारावी आणि विषयांचा फॉर्म

सांगलीत १९९४ साली मी अकरावीला गेले, तेव्हा विषय पाच मिनिटांत ठरले होते. इंजिनिअरिंगला जायचं म्हणजे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स), आणि बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषयाला, इलेक्ट्रॉनिक्स. तो २०० मार्कांचा विषय घेतला की बायोलॉजी आणि मराठी दोन्ही सुटायचं. तेव्हा ते फायद्याचंच वाटलं होतं.

२०२४च्या फेब्रुवारीत इथे न्यू जर्सीत लेकीनं सीनियर इयरचा, म्हणजे बारावीच्या विषयांचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला. सात पिरियड. इंग्रजी सक्तीचं. पीई-हेल्थ, म्हणजे व्यायाम आणि आरोग्य, या राज्यात चारही वर्षं सक्तीचं. फायनान्शियल लिटरसीचं, म्हणजे पैशांच्या व्यवहारांचं, अर्धं वर्ष राहिलं होतं, त्याशिवाय ग्रॅज्युएशन नाही. उरल्या साडेचार जागा. मी पेन घेऊन भराभर लिहिलं: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, केमिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्स. चारही एपी, म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. तिनं शांतपणे केमिस्ट्रीवर काट मारली आणि लिहिलं, वूडवर्किंग.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. "आई, मला हातानं काहीतरी बनवायचंय," एवढंच ती म्हणत होती, आणि मला दिसत होतं एक एपी कमी झालेलं.

मग शाळेतल्या काउन्सेलरची वेळ घेतली. त्या बाईंनी आधी तिला विचारलं, मला नाही. त्यांचं म्हणणं असं, की इंजिनिअरिंगवाले पहिल्यांदा गणित आणि फिजिक्स बघतात. रटगर्स या इथल्या सरकारी विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला केमिस्ट्री आणि फिजिक्स लागतंच, पण तिची केमिस्ट्री दहावीत होऊन गेली होती. शाळेत जे शिकवतात त्यातलं अवघड किती उचललं, हे महत्त्वाचं. फिजिक्स सी म्हणजे मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, दोन्ही कॅल्क्युलस वापरून. त्यामुळे ते आणि बीसी सोडू नका, बाकी तिला ठरवू द्या.

त्या रात्री मला माझं सुटलेलं मराठी आठवलं. मला मनापासून आवडायचं ते, आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. सकाळी मी फॉर्मवर सही केली.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा एकच अर्ज, त्यात बारावीचे विषय लिहावे लागतात आणि सहामाहीचे मार्क शाळा नंतर कॉलेजांना पाठवते. म्हणजे फेब्रुवारीत भरलेला फॉर्म सहज बदलता येत नाही. सप्टेंबरमध्ये फिजिक्सच्या पहिल्या टेस्टला ५८ आले. ती रडली. सोडायचं म्हणाली. अर्ली ॲक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करायची, १ नोव्हेंबरची मुदत डोक्यावर होती. मी फक्त तिच्याबरोबर बसायला लागले, रोज रात्री जेवणं झाल्यावर. टॉर्क मला अजून आठवत होता, याचा मला फार आनंद झाला.

वूडशॉपमध्ये तिनं ओकचं स्टूल केलं. एक पाय सांध्यात बसेना, तर रोज पॉलिश पेपरनं थोडं थोडं घासायची, लावून बघायची, परत काढायची. तीन आठवडे लागले. कॉलेजच्या अर्जातल्या निबंधात तिनं तेच लिहिलं, माझ्या एका शब्दाशिवाय.

सहामाहीला फिजिक्समध्ये बी प्लस मिळालं. रटगर्समध्ये मेकॅनिकलला आहे ती आता. स्टूल स्वयंपाकघरात आहे. वरच्या फळीवरचे डबे काढायला मी त्यावरच चढते, आणि ते जराही डगमगत नाही.