तुम्ही विचारलंत म्हणून: पश्चिम आफ्रिकेच्या नाटकांतली भुतं खरी मानायची का?

"नायजेरियन नाटककार सोयिंकांच्या नाटकांत सारखे मेलेले येतात, देव येतात. ते खरे मानायचे की प्रतीक?" पश्चिम आफ्रिकेच्या नाटकांचा विषय काढला की हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तर: खरे माना. प्रतीक म्हटलं की आपली सुटका होते, आणि ही मंडळी तर आपल्याला गाठायलाच आलेली असतात.

'अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स' घ्या. १९६० साली नायजेरिया स्वतंत्र झाला, त्या सोहळ्याच्या निमित्ताने वोले सोयिंकांनी ते रंगभूमीवर आणलं. नाटकातही उत्सवच आहे. कोणीतरी थोर, पराक्रमी पूर्वज पाठवा, असं आवतण गेलेलं. जमिनीतून वर येतात कोण, तर कळकट कपड्यांतला एक मेलेला पुरुष आणि त्याची गरोदर बायको. तो एका जुन्या राजाच्या फौजेतला. अन्यायाची लढाई लढणार नाही म्हणाला, म्हणून खच्ची करून गुलाम म्हणून विकलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो विचारतो, माझी केस घ्याल का? कोणी थांबत नाही. उलट धूर ओकणारी लॉरी आणून त्यांना हुसकावायचं चालतं! कोकणात जिवंत माणूस देवापुढे गाऱ्हाणं घालतो. इथे मेलेलाच जिवंतांपुढे घालतोय.

'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन'मध्ये (१९७५) तर भूतही येत नाही, नुसता पोशाख येतो. एगुंगुन म्हणजे योरुबांचा, नायजेरियातल्या एका मोठ्या समाजाचा, मुखवटाधारी पूर्वज. तो वेश चढला की आतला माणूस उरत नाही. इंग्रज अधिकारी पिल्किंग्ज आणि त्याची बायको जप्त केलेले हे वेश पार्टीसाठी घालतात आणि घरात ग्रामोफोन लावून टँगो नाचतात. तेवढ्यात पोलीस अमुसा खबर घेऊन येतो: महिन्यापूर्वी वारलेल्या राजाचा घोडेस्वार एलेसिन आज रात्री प्रथेप्रमाणे त्याच्यामागे प्राण सोडणार. साहेबाचा अवतार बघून अमुसाची बोबडी वळते. मृत्यूच्या वेशातल्या माणसापुढे मृत्यूची गोष्ट काढायची कशी? अमुसा मुसलमान आहे बरं का, तरीही. शेवटी खबर कागदावर लिहून ठेवतो आणि जातो.

साहेब एलेसिनला अडवतो, आणि एकाऐवजी दोन जीव जातात. ओयो या योरुबांच्या जुन्या शहरात १९४०च्या दशकात घडलेल्या प्रसंगावर हे बेतलंय. मात्र याला 'दोन संस्कृतींचा संघर्ष' म्हणू नका. सोयिंकांनीच सुरुवातीच्या टिपणात त्याबद्दल दम भरलाय.

वाचायचं असेल तर आधी 'हॉर्समन' वाचा. 'फॉरेस्ट्स' नंतर, त्यातली पात्रं जुन्या जन्मांसकट येतात, आणि कोण कुठल्या जन्मात कोण होतं याचा कागद करून ठेवावा लागतो.