शेवभाजी चालेल म्हणाल्या

तिशीला टेकलेल्या बाईच्या तोंडावर मुरूम असले की अख्ख्या अमळनेरला त्यावर बोलायचा हक्क मिळतो. मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. नोटा मोजून घेता घेता एक मावशी सांगणार जायफळ उगाळून लाव, मागचे काका म्हणणार पोट साफ होत नसेल. आजीचं तर रोजचंच, "तुना तोंडले काय व्हयनं वं माय?" सगळ्यांचं निदान एकच, उष्णता. शेवभाजी बंद कर. खानदेशात राहून!

हनुवटीवर दुखऱ्या गाठी यायला लागल्या तेव्हा मात्र गाडी पकडून जळगाव गाठलं. आधी एका चकाचक ठिकाणी गेले. डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर मॅडम भेटल्या. त्यांनी फोटो काढला आणि पीलच्या, म्हणजे रसायन लावून वरची कातडी सोलण्याच्या, सहा सिटिंगचं पॅकेज पुढे केलं. अठरा हजार, आजच भरले तर दोन हजार कमी. माझा चेहरा म्हणजे काय साडीचा सेल? एसीत थोडं बसून घेतलं आणि खाली उतरले.

दुसरा दवाखाना वहिनीने सुचवलेला. पाटीवर त्वचारोगातली एमडी आहे ना, ते आधी बघितलं. बाकावर शेजारी एक कॉलेजची मुलगी होती, तोंडावरची ओढणी सोडायला तयार नाही. मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणून लावत होती. पहिले काही दिवस चेहरा खुलला, मग बंद केली की आग, लाली आणि पुटकुळ्या दुप्पट. ट्यूब निघाली स्टेरॉइडची. अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, पण काउंटरवर कोण विचारतं?

डॉक्टरबाईंनी आधी पाळीचं विचारलं. वेळेवर येते का, हनुवटीवर राठ केस येतात का. या वयात जबड्याच्या कडेने मुरूम येत असतील तर हार्मोन्स, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा त्रास) बघावं लागतं म्हणाल्या. डोक्याला तेल किती, स्कूटीवर स्कार्फ किती वेळ? मे महिन्यात तोंड घट्ट बांधून घामात फिरणं आपल्याकडे नाइलाज आहे, पण स्कार्फ रोज धुवायचा. मग विचारलं, "लग्न ठरलंय का?" हा प्रश्न मला गल्लीतली प्रत्येक बाई विचारते. इथे मात्र कारण होतं. आत्ताच्या औषधांनी भागलं नाही तर आयसोट्रेटिनोइन, म्हणजे हट्टी मुरुमांवरच्या जोरदार गोळ्या, द्याव्या लागतील. त्या गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर दिवस राहून चालत नाही, बाळाला अपाय होतो. आधी लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्याही लागतात. म्हणून ते नंतरचं.

शेवभाजीचं मीच विचारलं. "तिखटाने मुरूम येतात असं काही सिद्ध नाही. गोड आणि दूध थोडं आवरा," म्हणाल्या. घरी येऊन हे आजीला मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

चिठ्ठीवर रात्री अ‍ॅडापलीन, हे मुरुमांचं मलम, मटारच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. सकाळी लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. पोटात घ्यायला डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, १०० मिलिग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. उन्हात सनस्क्रीन हवंच, या औषधांवर ऊन जास्त लागतं. आठ ते बारा आठवडे वाट बघा, असं त्यांनी दोनदा बजावलं. सुरुवातीला नाकाच्या बाजूची कातडी सोलवटली, पावडर लावली की ती पापुद्र्यांत अडकायची. आणि एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: निळ्या टॉवेलवर पांढरट डाग पडले. आईने आठवडाभर साबणाला शिव्या दिल्या, मग चिठ्ठी वाचताना लक्षात आलं, पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. आता माझा टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा, वेगळा.

नवीन गाठी जवळजवळ थांबल्यात. जुने काळे डाग आहेत. त्यांच्यासाठी पील करायचं की नाही ते दिवाळीनंतर बघू म्हणाल्या, आत्ता पैसे खर्च करू नका. तपासणीची फी ५०० रुपये, पंधरा दिवसांत परत दाखवलं तर काही नाही.