3 दिवसांचा दाखला आणि 46 रुपये

वडिलांच्या पश्चात त्यांचा जुना फ्लॅट विकायचे ठरले, तेव्हा खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँकेने घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला मागितला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित केलेल्या सेवांमध्ये या दाखल्यासाठी 3 दिवसांची, तर वारसाहक्काने किंवा दस्ताच्या आधारे कर नोंदीवरील नाव बदलण्यासाठी 15 दिवसांची मुदत आहे. आम्हाला दोन्ही मिळून सात आठवडे लागले, आणि तरीही कागदोपत्री पाहता विलंब झालेला नाही.

याचे कारण असे की, मुदत मोजली जाते ती सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. आणि अर्ज परिपूर्ण कधी झाला, हे व्यवहारात टेबलामागचा लिपिक ठरवतो. बिल वडिलांच्या नावे असल्याने आधी वारसनोंद करा, असे आम्हाला सांगण्यात आले. वारसनोंदीसाठी बाकी शून्य हवी. आणि बाकी शून्य करायला गेलो, तर संगणकावर 46 रुपये दिसत होते. पूर्ण बिल मी महिनाअखेरीस भरले होते, परंतु रक्कम खात्यावर जमा होईपर्यंत पुढच्या महिन्याची 2 टक्के शास्ती लागली होती. बिलाची पावती समोर ठेवूनही उपयोग झाला नाही. ते 46 रुपये रोख भरायला गेलो, तो नेमका खिडकी बंद होण्याचा दिवस निघाला. (नागपूरच्या बहिणीची संमतीपत्रावरील सही टपालाने यायला लागलेले नऊ दिवस मी कार्यालयाच्या माथी मारत नाही.)

हाच फ्लॅट वडिलांनी 1998 साली घेतला, तेव्हा कटकट वेगळी होती. 5 लाखांवरील मालमत्तेच्या दस्तनोंदणीपूर्वी विक्रेत्याला आयकर खात्याचे प्रमाणपत्र आणावे लागे. आयकर कायद्यातील ते कलम 230-अ, 1 जून 2001 पासून रद्द झाले. आता तेवढे तरी नाही.

मुदतीत सेवा न मिळाल्यास 30 दिवसांत प्रथम अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मला अपील करता आले नसते, कारण पहिल्या अर्जाची पोच मी मागितलीच नव्हती. दुसऱ्या अर्जाच्या वेळी मागितली, तारखेसह शिक्का घेतला, आणि दाखला तिसऱ्या दिवशी हाती आला.