गाडी उभी का आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसे तुम्ही पहिले नाही. शेजारच्या काकूंपासून पंखा दुरुस्त करायला आलेल्या मुलापर्यंत जो तो मागच्या खोलीत डोकावतो, भिंतीला धरून फिरलेला माझ्या मॉडेल रेल्वेचा डोंगर बघतो, "अरे वा" म्हणतो. मग अर्ध्या मिनिटात प्रश्न येतोच, "एवढं सगळं केलंत, पण गाडी उभी का? चालत नाही का?"

चालते की. पण आत्ता ती कर्जतला उभी आहे. मागे बँकर लागायचाय, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन.

माझ्या खोलीत आहे तो बोरघाट, कर्जत ते लोणावळा, साधारण 1985 सालचा. खऱ्या घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी 1 मीटर वर चढलेली असते. पुढच्या इंजिनाला एकट्याने हे ओझं ओढवत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लावतात. ती लोणावळ्यापर्यंत मागून ढकलतात, तिथे सुटतात आणि रिकामी खाली येतात. मुंबई-पुणे करणाऱ्यांना हा बँकर बहुतेक वड्यामुळे माहीत असतो. तो लागेपर्यंत खिडकीतून वडापाव घ्यायला वेळ मिळतो.

आता हिशोब बघा. माझं प्रमाण 1:87, ज्याला एचओ म्हणतात. कर्जत-लोणावळा अंतर 28 किलोमीटर, ते 87 ने भागलं तरी 322 मीटर होतं. माझी खोली अकरा बाय नऊ फुटांची. घाटाच्या वाट्याला जेमतेम 8 मीटर आले. वळणांचंही तेच. ब्रॉडगेजवर 175 मीटर त्रिज्येचं वळण फार तीव्र समजतात. ते प्रमाणात करायचं तर 2 मीटर त्रिज्या लागेल, म्हणजे खोलीची भिंत फोडून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. माझी त्रिज्या 75 सेंटिमीटर. रूळसुद्धा खरे नाहीत. आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला प्रमाणात दोन रुळांत 19 मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर हवं, पण बाजारात मिळतात ते 16.5 मिलिमीटरचे, युरोपच्या गेजचे. गाडी समोरून येताना बघितली की डबा रुळांवर जरा जास्तच ऐसपैस बसलेला दिसतो. माझ्याकडे समोरून बघायची जागाच ठेवलेली नाही.

पण खरी अडचण वेळेची. घाट चढताना ताशी 40 चा वेग धरला तर प्रमाणात सेकंदाला 13 सेंटिमीटरही होत नाहीत. रांगतंय म्हणावं इतका हळू. तरीही माझा अख्खा घाट मिनिटाभरात संपतो! पहिल्या वर्षी मी हेच करत होतो: कर्जत, बोगदा, लोणावळा, संपलं, पुन्हा उलटं. चौथ्या फेरीला मलाच जांभई आली.

मग लक्षात आलं की अंतर आपल्याकडे नाहीच, ते थांब्यांतून काढायला हवं. म्हणून भिंतीवर चौपट वेगाने धावणारं घड्याळ लावलं आणि वेळापत्रक लिहिलं. आता गाडी कर्जतला थांबते. बँकर सायडिंगमधून, म्हणजे बाजूच्या रुळावरून निघतो, सिग्नलपाशी थबकतो, हळूच मागे येऊन चिकटतो. या सगळ्यात घड्याळाची बारा मिनिटं जातात, आपली तीन. ती तीन मिनिटं नुसतं बघत बसलेल्या माणसाला घाट एकदम लांब वाटायला लागतो.

हे चिकटणं सोपं नाही बरं. दोन्ही इंजिनांत एकेक चिप असते आणि प्रत्येकीला आपला नंबर, त्यामुळे एकाच रुळावरच्या दोन इंजिनांना वेगवेगळे हुकूम देता येतात. पण दोन मोटारी सारख्या पळतील तर शपथ. मागचं इंजिन किंचित जोरात निघालं की डबे एकमेकांवर दाबले जातात आणि वळणावरचा सगळ्यात हलका डबा फटकन बाहेर उडतो. नेहमी तिसराच. मी त्याच्या पोटात लोखंडी नट चिकटवले. मग दोन्ही इंजिनं डबे न लावता, वीतभर अंतराने एकामागे एक सोडली. अंतर घटलं की मागच्याचा वेग चिपमध्ये एक घर कमी करायचा, वाढलं की एक घर जास्त. प्रत्येक वेगाला हेच. आठवडाभर रोज संध्याकाळी मी जमिनीवर उकिडवा बसून दोन इंजिनांमधली वीत मोजत होतो. घरचे काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही.

उतरतानाची गंमत वेगळी. आधी एक सांगून ठेवतो: मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप, त्यामुळे अप गाडी घाट उतरते आणि डाऊन गाडी चढते. पाहुणे इथेच गडबडतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक हाताबाहेर गेले तर ती भलतीकडे सुटू नये म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात, डोंगराच्या अंगावर चढून संपणारे फाटे. पॉइंट, म्हणजे रूळ बदलणारा सांधा, एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी सिग्नलला येऊन उभी राहिली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. मी तसंच बसवलंय. गाडी वीस सेकंद उभी राहिल्याशिवाय पॉइंट फिरतच नाही. भाच्याला वाटलं, मामा उगाच नियम सांगतोय. त्याने लाल सिग्नल ओलांडून गाडी सरळ दामटली आणि सहा डब्यांची एक्स्प्रेस वाळूच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून बसली. खरं सांगू? फाटा बांधल्यापासून पहिल्यांदाच कामी आला, मला आनंदच झाला. तेव्हापासून भाचा वीस सेकंद मोठ्याने मोजतो.

डोंगर, झाडी वगैरे तुम्ही बघताच, त्यावर फार बोलत नाही. खडी खऱ्या काळ्या दगडाची, बांधकामावरून आणून मैद्याच्या चाळणीने चाळलेली. ती पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने बसते, पण त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब हवा. नाहीतर पाण्याचा थेंब खडीवर पाऱ्यासारखा लोळतो, आत मुरत नाही. पहिल्या पावसाळ्यात प्लायवूड फुगलं आणि खंडाळ्याच्या अलीकडे रूळ सापासारखे वाकले. आता जोडांत नखभर फट सोडतो.

ज्यांना गाड्या पळताना बघायच्या आहेत त्यांना मी कोथरूडला पाठवतो, जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात. 1998 पासून आहे ते, आणि तिथे मन भरेपर्यंत गाड्या धावतात. मीही तिथूनच बिघडलो.

माझ्याकडे यायचं तर रविवारी साडेपाचला या. मुंबई म्हणजे पडद्यामागची चार सायडिंग, तिथून गाडी निघेल. कर्जतला यायला फार वेळ लागत नाही. तिथे मात्र थांबावं लागेल. वडे मी आणून ठेवतो.